दोन विजय, आठ पराभव

इतिहासाच्या पुस्तकांत जिंकलेल्यांच्या सनावळ्या असतात. वर्गात मी एका हरलेल्या संघाचीही हकिकत सांगतो.

१४ नोव्हेंबर १९७० रोजी अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टन शहराजवळ एक विमान कोसळले. मार्शल विद्यापीठाचा फुटबॉल संघ सामना हरून परतत होता. विमानातील सर्व ७५ जण मरण पावले. त्यांत ३७ खेळाडू होते. सहा खेळाडूंची तर ओळखही पटली नाही. त्यांना शेजारी-शेजारी दफन केले.

आता संघच बंद करावा, असा विचार पुढे आला. तरी १९७१ मध्ये नवे प्रशिक्षक जॅक लेंजेल यांनी तो पुन्हा उभा केला. त्या दौऱ्यावर न गेलेले मोजके खेळाडू होते. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. त्यांच्यासाठी खास परवानगी मिळवली. २५ सप्टेंबरला घरच्या मैदानावर या पोरांनी झेवियर विद्यापीठाला अगदी शेवटच्या क्षणी १५-१३ असे हरवले.

हंगामाअखेर हिशोब झाला: २ विजय, ८ पराभव. तक्त्यात हे अपयशच. पण शनिवारी मैदानात उतरायला मार्शलचा संघ होता, हे त्या तक्त्यात कुठे लिहिणार? शाळेची किंमत निकालाच्या टक्क्यांवर ठरवताना आपणही हे विचारायला हवे.