क्रोशाचा हत्ती आणि फावला वेळ

‘क्रोशा’ हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे की तो परदेशातून आला, हे ध्यानातही येत नाही. तांब्यावरचा मणी लावलेला रुमाल, बाळाच्या झबल्याची लेस, दारावरचे तोरण, हे सारे आपल्या आया-आज्यांनी याच सुईवर विणले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मात्र अगदी साधा : लहान आकडा. साठी उलटल्यावर मी यंदा प्रथमच हा आकडा हाती धरला आणि रुमालाच्या वाटेला न जाता थेट कापूस भरलेला हत्ती विणायला घेतला. हात चालू लागले तशी या कामाचे कूळ शोधण्याची इच्छा झाली. त्यातून जे हाती लागले ते भगिनींपुढे ठेवते.

दोन सुयांच्या विणकामाच्या मानाने क्रोशा वयाने लहान आहे. त्याचे छापील नमुने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील मासिकांतून दिसू लागले. श्रीमंत घरच्या बायकांचा तो विरंगुळा होता. पण १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसे दगावली. त्या दिवसांत कॉर्क येथील उर्सुलाइन जोगिणींनी गरीब मुलींना क्रोशा शिकविला. क्लोन्स गावी १८४७ पासून कॅसांड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने तेच काम केले. बारीक सुईने करावयाच्या व्हेनिसच्या किमती लेसची नक्कल या आकड्याने पुष्कळच लवकर होई. त्या लेसच्या पैशावर कित्येक घरांत चूल पेटली. विरंगुळा म्हणून आलेल्या सुईने घरे जगविली, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

आता हत्तीकडे वळू. त्याच १८४७ साली जर्मनीतील गिएंगेन गावी मार्गारेटे स्टाइफ जन्मली. लहानपणीच्या पोलिओने तिचे पाय गेले, उजवा हातही दुखरा राहिला. तरी ती शिवण शिकली आणि तिने स्वतःचे दुकान थाटले. १८८० साली एका मासिकातील नमुन्यावरून तिने लोकरी नमद्याचा इवलासा हत्ती शिवला. तो होता टाचण्या टोचून ठेवण्यासाठी! पण मुलांनी तो पळविला आणि खेळायला घेतला. १८८६ पर्यंत असे पाच हजारांवर हत्ती विकले गेले, आणि त्यातून जगप्रसिद्ध खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. मऊ खेळण्यांच्या इतिहासात या टाचण्यांच्या उशीला मानाचे पान आहे.

तो हत्ती शिवलेला. विणलेल्या हत्तीचे माहेर जपान. तेथे अशा खेळण्यांना ‘अमिगुरुमी’ म्हणतात. ‘अमि’ म्हणजे विणणे, आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे शिवून भरलेले खेळणे; या दोहोंचा तो जोडशब्द. २००० नंतर हा छंद जगभर पसरला आणि आपल्याकडेही आला.

नवशिक्या भगिनींना भिण्याचे कारण नाही. धाग्याचा सैल फास करून त्यात ६ मुके खांब घालावेत व फास आवळावा. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. मग १८, मग २४. फेरीगणिक सहा वाढले की चकती सपाट राहते. वाढ थांबविली की कड वळून वाटी होते, आणि सहा-सहा कमी करीत गेले की तोंड मिटून चेंडू होतो. डोके आणि पोट म्हणजे चेंडू, सोंड आणि पाय म्हणजे नळ्या, कान म्हणजे चकत्या. एवढा हिशेब जमला की हत्ती जमला! आतला कापूस दिसू नये म्हणून लोकरीच्या मानाने सुई जरा बारीक घ्यावी. खेळणे तान्ह्यासाठी असेल तर डोळ्यांना मणी लावू नयेत, धाग्यानेच भरावेत. सुटलेला मणी तोंडात जातो.

माझ्या वीतभर हत्तीला सात दुपारी लागल्या. तो पाहून शेजारच्या वहिनी कौतुकाने म्हणाल्या, “फावल्या वेळात छान केलात हो!” हा ‘फावला वेळ’ मात्र मला टोचला. आंध्रातील नरसापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या हजारो स्त्रिया क्रोशाची लेस विणीत आल्या आहेत. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले ते असे की, लेस परदेशी जाई, व्यापारी श्रीमंत होत. विणणाऱ्या बायका मात्र ‘घरी बसणाऱ्या’ गणल्या जात, त्यांचे काम फावल्या वेळचे ठरे आणि म्हणून मजुरी नाममात्र मिळे. २०२४ साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मान वस्तूला मिळाला, तसा वेळेलाही मिळावयास हवा.

क्रोशाचे काम हुबेहूब करणारे यंत्र अद्याप कारखान्यांत रुळलेले नाही. बाजारात दहा-वीस रुपयांत खरा क्रोशा मिळाला, तर कोणा बाईचे तास त्यात फुकट गेले आहेत असे खुशाल समजावे. म्हणून माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे : विक्रीच्या टेबलावर आपण ज्या वस्तू मांडतो, त्यांच्या चिठ्ठीवर लोकरीच्या किमतीबरोबर लागलेले तासही लिहावेत. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाने ते वाचावेत, आणि त्याआधी आपण स्वतः वाचावेत.