हॉस्पिसचे दार आणि थकलेले हृदय

‘हॉस्पिस’ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘होस्पेस’ या शब्दात आहे. पाहुणा आणि यजमान हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात सामावलेले आहेत. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंना व आजाऱ्यांना आसरा देणाऱ्या वास्तूंना हे नाव होते. मरणोन्मुखांचे सेवास्थान हा अर्थ त्याला १९व्या शतकात लाभला. फ्रान्समधील लिओं शहरी जान गार्निए या तरुण विधवेने १८४२ साली अशा सेवेसाठी विधवांचा संघ स्थापन केला. मदर मेरी एकनहेड यांच्या आयरिश ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ संघाने १८७९ साली डब्लिनमध्ये व १९०५ साली लंडनच्या हॅकनी भागात हॉस्पिस उघडले.

हॅकनीच्या या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्येच सिसिली सॉन्डर्स १९५८ साली डॉक्टर म्हणून आल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी मॉर्फिन द्यावे, हा धडा त्यांनी तेथे पक्का केला. देह, मन, कुटुंब आणि आत्मा यांचे दुःख एकत्रच असते, हा विचार घेऊन त्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा हा उगम होय.

या चळवळीच्या केंद्रस्थानी राहिला तो कर्करोगी. वास्तविक १९६३ सालीच जॉन हिंटन यांनी दाखवून दिले होते, की हृदय वा मूत्रपिंडे निकामी होऊन मरणाऱ्यांचे शारीरिक हाल कर्करोग्यांपेक्षा अधिक असतात. मग हृदयरोगी दाराबाहेर का राहिला?

कारण या आजाराची वाटच फसवी आहे. कर्करोगात अखेरची उतरण बहुधा ओळखू येते. हृदय दुर्बल झालेला वृद्ध मात्र धाप लागून, पाय सुजून रुग्णालयात जातो. लघवी वाढविणाऱ्या औषधाने अंगातील पाणी उतरते आणि तो घरी परततो. घरच्यांना वाटते, संकट टळले. काही आठवड्यांनी पुन्हा तीच धाप, पुन्हा तेच रुग्णालय. यांतील अखेरची फेरी कोणती, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. अमेरिकेने १९८२ साली वृद्धांच्या मेडिकेअर विम्यात हॉस्पिसचा समावेश केला. पण आयुष्य सहा महिने वा त्याहून कमी उरल्याचा डॉक्टरांचा दाखला ही त्याची अट होती. हृदयरोग्यासाठी असा दाखला लिहिणे अवघड, म्हणून दार उघडले तरी अर्धेच.

२००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने परिहारक सेवेची व्याख्या विस्तारली. जिवावर बेतणाऱ्या कोणत्याही आजारात, उपचार चालू असतानाच ही सेवा द्यावी, असा तिचा आशय. म्हणजे हृदयाची औषधे बंद करावयाची नाहीत. त्यांच्या जोडीला धाप शमविण्यासाठी मॉर्फिनची अल्प मात्रा, वजनाची रोजची नोंद, उशाशी उंच आधार, घरी येणारी परिचारिका आणि ‘पुन्हा रुग्णालयात जावयाचे का?’ हे रुग्णालाच विचारण्याचे धैर्य हवे.

आपल्याकडे डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याच्या माउंट मेरी परिसरात शांती आवेदना सदन सुरू केले. भारतातील हे पहिले हॉस्पिस कर्करोग्यांसाठीच होते. केरळने पुढची वाट दाखविली. १९९३ साली कालिकतला सुरू झालेल्या कार्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सेवाजाळे विणले गेले. २००८ साली त्या राज्याने परिहारक सेवेचे धोरणच जाहीर केले. तेथील स्वयंसेवक आजाराचे नाव न पाहता अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या घरी जातात.

हा इतिहास वास्तूंपासून सुरू होऊन घराच्या उंबरठ्यापाशी येतो. आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांच्या भेटीची परंपरा जुनी आहे. रुग्णालयातून परतलेल्या वृद्धाकडे पहिल्या आठवड्यातच कोणी जाऊन बसले, रात्री झोप लागते का, एवढे जरी विचारले, तरी ‘होस्पेस’ या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या घरात सार्थ होतील.