ड्राइव्हची टकटक

आमच्या धानोऱ्यात पाहुणा आधी कडी वाजवतो, मग आत येतो. थोरल्या दादांच्या पश्चात त्यांचा कमोडोर ६४ घरी आला, तो मात्र आत येऊन ठोकायला लागला.

"अहो, दार कोण वाजवतंय?" स्वयंपाकघरातून सौभाग्यवती.

कुणी नाही! १९८२ च्या त्या १५४१ ड्राइव्हला पस्तीस ट्रॅकांतला पहिला कुठे, हे सांगणारा सेन्सरच नाही. फ्लॉपी वाचता आली नाही, की तो हेड मागे रेटतो. अडणीवर आपटलं, म्हणजे पहिला ट्रॅक आला! (लाइट गेल्यावर आम्ही कारकून खुर्ची अशीच शोधायचो.) आपटून आपटून हेड जागचं सरकायचं, हे त्या ड्राइव्हचं जगजाहीर दुखणं. मी पाने-पेचकस घेऊन बसलो.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, आधी पुसून तरी बघा."

स्पिरिटचा बोळा हेडवर फिरवला, तो काळाकुट्ट. गुन्हेगार आमची धूळ!

सुमारे १७० केबीची फ्लॉपी. आज त्यात मोबाइलचा एक फोटो मावत नाही. दादांचा १९८९ चा जमाखर्च मावला होता, रोमन लिपीतल्या मराठीत: "अण्णांना, धाकट्याच्या फीसाठी, १५० रुपये. परत मागायचे नाहीत."

धाकटा म्हणजे मी. फी अण्णांनीच भरली, असं मी आजवर सांगत आलो.