फेलोशिपमधलं गोधन

‘फेलो’ हा शब्द मुळात गोठ्यातला. जुन्या नॉर्स भाषेत ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, आणि म्हणून मालमत्ता. ‘फेलागी’ म्हणजे भागीत आपला वाटा घालणारा. हा ‘फे’ आणि आपला ‘पशु’ एकाच कुळातले. आपण गोधन म्हणतो, तसंच हे. पुढे शब्द विद्यापीठांत जाऊन बसला आणि शेणाचा वास उडाला. अमेरिकेतल्या एका फेलोशिपमध्ये मात्र ती जुनी भागी अजून दिसते.

१४ ऑक्टोबर १९६०. रात्रीचे दोन वाजलेले. मिशिगन विद्यापीठात एका इमारतीच्या पायऱ्यांवर उभे राहून राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, डॉक्टर होऊन घानात दिवस काढायला तुमच्यातले किती जण तयार आहेत? त्यातून १ मार्च १९६१ला पीस कोअर ही स्वयंसेवकांची सरकारी संस्था उभी राहिली. दोन वर्षं परदेशात सेवा करायची, आणि परतताना हाती पडायचे सेवेच्या दर महिन्यामागे ७५ डॉलर.

संस्थेच्या तीन उद्दिष्टांपैकी तिसरं होतं, तिथलं जग अमेरिकेतल्या लोकांना समजावून देण्याचं. पण परतलेल्या माणसाने ते करायचं कुठे? खेड्यातल्या शाळेत दोन वर्षं गणित शिकवलेल्या तरुणाला घरी रीतसर शिक्षक व्हायचं, तर पात्रता हवी.

ही गाठ १९८५मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने सोडवली. परतलेल्या स्वयंसेवकांनी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकवायचं आणि जोडीने मास्टर्स करायचं. इतर विद्यापीठांनीही मग हीच वाट धरली. आज या योजनेला पॉल कव्हरडेल यांचं नाव आहे. ते १९८९ ते १९९१ या काळात पीस कोअरचे संचालक होते, नंतर सिनेटर झाले.

पैसे पीस कोअर देत नाही, विद्यापीठ देतं. कुठे सगळी फी माफ, तर कुठे थोडीशीच. एकाच नावाखाली एवढा फरक मला खटकतो. बदल्यात फेलोने अमेरिकेतल्याच एखाद्या उपेक्षित वस्तीत काम करायचं. म्हणजे बक्षीस नव्हे, दोघांचा वाटा.

अर्जाला वयाची अट नाही. आपल्या विक्रोळीत १९६६ ते १९६८ सेवा केलेल्या लिलियन कार्टर, जिमी कार्टर यांच्या आई, परतल्या तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या. योजना तेव्हा असती, तर वय त्यांच्या आड आलं नसतं.