हिरव्या पाण्याचं विरजण : मत्स्यालयातल्या जिवांसाठी घरच्या घरी जिवंत शैवाल



खलिफा सिटीत ओळखीच्या घरी गेलं की हॉलच्या एका कोपऱ्यात काचेची टाकी हमखास दिसते. कुणाकडे गप्पी आणि मॉली, कुणाकडे खाऱ्या पाण्यातला, मुलांचा लाडका 'निमो', म्हणजेच क्लाउनफिश. मोठ्या माशांच्या खाण्याची चिंता नसते, दुकानात डबे मिळतात. खरी अडचण येते ती टाकीतल्या लहान आणि न दिसणाऱ्या जिवांची. क्लाउनफिशची जोडी अंडी घालते, आठ-दहा दिवसांत पिल्लं बाहेर येतात, मुलं आनंदाने उड्या मारतात, आणि दोन-तीन दिवसांत टाकी पुन्हा रिकामी! पिल्लं आजारी नसतात. त्यांच्या तोंडात मावेल असं अन्नच टाकीत नसतं.

यावरचा उपाय म्हणजे जिवंत सूक्ष्म शैवाल, सोप्या भाषेत 'हिरवं पाणी'. ते घरी कसं वाढवायचं आणि आपल्या इथल्या हवेत कसं टिकवायचं याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

शैवाल कोण खातं?

आधी एक गैरसमज दूर करू. क्लाउनफिशचं पिल्लू शैवाल खात नाही. ते रोटिफर खातं, आणि रोटिफर शैवाल खातात. आकडे पाहिले की साखळी लगेच समजते:

- नॅनोक्लोरॉप्सिस हे शैवाल : साधारण २ ते ४ मायक्रॉन
- रोटिफर (ब्रॅकिओनस) : साधारण १०० ते ३०० मायक्रॉन
- आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्लं : ४०० मायक्रॉनच्या पुढे

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. आर्टेमिया पहिल्या दिवसांतल्या पिल्लाच्या तोंडात मावत नाही, म्हणून सुरुवातीला रोटिफरच लागतात. उपाशी रोटिफर हे रिकाम्या डब्यासारखे असतात. पोट भरल्यासारखं दिसतं, पण पिल्लाला त्यातून काही मिळत नाही.

याशिवाय कोपेपॉड, पंख्यासारखे फेदर डस्टर कृमी, स्पंज आणि शिंपले हे थेट पाण्यातून शैवाल गाळून खातात. गोड्या पाण्याची टाकी असेल तर डॅफ्निया आणि मोइना या 'पाणपिसवा' हिरव्या पाण्यावरच वाढतात.

कोणतं शैवाल निवडावं?

*नॅनोक्लोरॉप्सिस* : नवशिक्यांसाठी सगळ्यात चिवट. जपानमध्ये याला पूर्वी 'सागरी क्लोरेला' म्हणत. पुढे ते वेगळ्याच गटातलं असल्याचं लक्षात आलं आणि १९८१ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. यात ईपीए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल भरपूर असतं.

*आयसोक्रायसिस* : सोनेरी-तपकिरी रंगाचं. यात डीएचए चांगलं असतं, जे नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये जवळजवळ नसतं. मात्र हे नाजूक आहे, उष्णता आणि अस्वच्छता दोन्ही सोसत नाही.

*टेट्रासेल्मिस* : आकाराने मोठं, स्वतः पोहणारं. कोपेपॉड आणि आर्टेमियाला चांगलं.

*क्लोरेला* : गोड्या पाण्यासाठी. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८९० मध्ये याचं वर्णन केलं.

नुसत्या भातावर पोट भरतं पण अंग धरत नाही, सोबत वरण लागतंच. तसंच इथेही आहे. पहिले दोन-तीन महिने नॅनोक्लोरॉप्सिसवर हात बसवा, मग जोडीला आयसोक्रायसिस घ्या.

समुद्राचं पाणी का नको?

समुद्र गाडीने जवळच आहे, मग मीठ विकत का घ्यायचं, असा प्रश्न पडतो. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं खारटपणा. जगाच्या महासागरांत सरासरी एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात, आपल्या अबुधाबीच्या किनाऱ्यावर हे प्रमाण ४० च्या वर जातं. दुसरं कारण म्हणजे त्या पाण्यात आधीपासून राहणारे पाहुणे. २००८-०९ मध्ये आखातात कॉक्लोडिनियम नावाच्या शैवालाची लाल भरती आली होती. ती आठ महिन्यांहून अधिक टिकली, हजारो टन मासे मेले आणि समुद्राचं पाणी गोडं करणारे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. शैवाल हे अन्न आहे तसंच विषही होऊ शकतं. म्हणून कोणतं शैवाल वाढवतोय हे माहीत असलंच पाहिजे.

साहित्य

१. दोन लिटरच्या पारदर्शक प्लास्टिक बाटल्या : किमान दोन. एक चालू, एक बॅकअप. आपण आयटीवाले सर्व्हरचा बॅकअप घेतो, मग शैवालाचा का नको?
२. छोटा एअर पंप, नळी आणि कडक प्लास्टिकची कांडी. बुडबुडे काढणारा दगड लावू नका, त्यात घाण साठते. मोठे बुडबुडेच हवेत.
३. एकदिशा झडप, म्हणजे चेक व्हॉल्व्ह. वीज गेली तर पाणी उलटं पंपात येत नाही.
४. ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी दिवा आणि टायमर.
५. आरओचं पाणी आणि मत्स्यालयाचं सागरी मीठ.
६. क्षारता मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर.
७. 'एफ/२' खत.
८. जिवंत शैवालाची बाटली, म्हणजे आपलं विरजण. घेताना ती फ्रिजमधली आहे आणि मुदतीत आहे हे पाहा. 'प्रिझर्व्हड्' किंवा पेस्ट असलेल्या बाटलीतून नवीन शैवाल वाढत नाही.

एफ/२ हे नाव पाहून घाबरू नका. रॉबर्ट गिलार्ड आणि जॉन रायथर यांनी १९६२ मध्ये 'एफ' नावाचं पोषक मिश्रण प्रसिद्ध केलं. त्याची निम्मी तीव्रता म्हणजे एफ/२. एका लिटरला साधारण ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम फॉस्फेटचा क्षार, शिवाय लोह व इतर सूक्ष्म धातू आणि बी-१, बी-१२, बायोटिन ही जीवनसत्त्वं. तयार बाटलीवर लिहिलेलं प्रमाण तंतोतंत पाळा. डायटम जातीचं शैवाल वाढवायचं असेल तरच सिलिकेट वेगळं लागतं.

कृती

१. बाटली, नळी आणि कांडी सौम्य ब्लीचच्या पाण्याने धुवा, आरओच्या पाण्याने दोन-तीनदा खळबळा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या.
२. आरओचं पाणी उकळून गार करा. त्यात मीठ घालून विशिष्ट गुरुत्व १.०१९ ते १.०२० वर आणा. टाकीपेक्षा हे थोडं कमी खारट असतं आणि नॅनोक्लोरॉप्सिसला मानवतं.
३. खत घाला.
४. चार भाग पाण्याला एक भाग विरजण घाला. बाटली गळ्यापर्यंत भरू नका.
५. कांडी तळापर्यंत सोडून हवा सुरू करा. तोंडावर स्वच्छ कापसाचा सैल बोळा ठेवा, हवा बाहेर जायला जागा हवी.
६. दिवा बाटलीपासून वीतभर अंतरावर ठेवा. १६ तास उजेड, ८ तास अंधार.
७. तापमान २० ते २५ अंश. थोडक्यात, आपल्याला एसीत जे बरं वाटतं तेच शैवालालाही.

हवा कशासाठी? शैवाल तळाशी बसू नये म्हणून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कार्बन डायऑक्साइडसाठी. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो, पण सततच्या बुडबुड्यांतून पुरतो. हवा बंद पडली तर पाण्याचा पीएच चढतो आणि वाढ थांबते.

आठ-दहा दिवसांत फिकट पोपटी पाणी गर्द हिरवं होतं. रंग नजरेने ठरवण्यापेक्षा एक सोपी युक्ती करा. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकाला काळी खूण करा, दर सेंटीमीटरला रेघ मारा आणि पट्टी पाण्यात सोडा. किती खोलीवर खूण दिसेनाशी होते ते वहीत लिहून ठेवा. १८६५ मध्ये इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी समुद्राचा नितळपणा मोजायला पांढरी तबकडी वापरली, त्याच तत्त्वाची ही घरगुती आवृत्ती.

पाणी गर्द झालं की निम्मं काढा आणि तेवढंच नवीन खारं पाणी व खत घाला. घाई करू नका. फिकट पाण्यात न वापरलेलं खत शिल्लक असतं. ते टाकीत गेलं की नायट्रेट-फॉस्फेट वाढून काचेवर नको असलेलं शेवाळ माजतं. तीन-चार वेळा काढल्यावर नवीन बाटलीत नव्याने सुरुवात करा.

खायला किती आणि कसं?

१०० लिटरच्या टाकीला सुरुवातीला दिवसाला १० मिली पुरे. स्किमर तासभर बंद ठेवा. पाण्याची चाचणी आठवड्याला करा आणि आकडे ठीक असतील तरच प्रमाण वाढवा. पिल्लांच्या टबात मात्र पाणी फिकट हिरवं दिसेल इतकं शैवाल ठेवतात. त्यामुळे रोटिफर भरलेल्या पोटाने राहतात आणि पाण्यातला थोडा अमोनियाही शोषला जातो.

बिघाड कसा ओळखायचा?

पाणी अचानक नितळ झालं, पिवळट पडलं, वर चिकट फेस आला किंवा कुजका वास येऊ लागला तर ती बाटली गेली असं समजा. ती टाकीत ओतू नका. ब्लीच घालून रात्रभर ठेवा आणि मग टाका. बहुतेक वेळा कारण एकच असतं, शैवालात रोटिफर किंवा इतर सूक्ष्मजीव शिरतात आणि सगळं फस्त करतात. म्हणून शैवाल आणि रोटिफर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, चमचे-नळ्या वेगळ्या ठेवा, आणि रोज काम करताना आधी शैवाल, मग रोटिफर हा क्रम मोडू नका.

खलिफा सिटीतली खास काळजी

- उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून 'गार' नळालाही कढत पाणी येतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. बाल्कनीतल्या बाटलीचीही तीच गत होते. मे ते सप्टेंबर शैवाल घरातच ठेवा. नोव्हेंबर ते मार्च बाल्कनीतला सावलीचा उजेड चालतो.
- नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते थेट वापरू नका.
- जुलै-ऑगस्टमध्ये भारतात जाताना एसी बंद केला तर चालू बाटली वाचणार नाही. निघण्यापूर्वी गर्द झालेलं नॅनोक्लोरॉप्सिस दोन बाटल्यांत भरून, झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. कुणी आठवड्यातून एकदा हलवलं तर महिना-दोन महिने ते तग धरतं. एक बाटली शेजारच्या घरी ठेवली तर उत्तम.
- फ्रिजमधल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख लिहा. पुदिन्याचं सरबत समजून कुणी पेला भरायला नको! हे माणसांनी प्यायचं पाणी नाही.
- वायर सॉकेटच्या पातळीखाली वळवून मग सॉकेटकडे न्या, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही.
- शैवाल समुद्रात किंवा पावसाळी गटारात कधीच ओतू नका.

हे कष्ट कशासाठी?

मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. इथल्या मुलांसाठी २०२१ मध्ये अल काना इथे नॅशनल अ‍ॅक्वेरियम उघडलं. काचेपलीकडचे मासे पाहून मुलांना ते घरी हवेसे वाटतात, आणि बाजारात येणारे अनेक सागरी मासे अजूनही प्रवाळांतून पकडलेले असतात. क्लाउनफिश मात्र माणसाच्या देखरेखीखाली वाढवता येतो. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात सागरी शोभिवंत माशांची पैदास केली जाते. मुंबईत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत आणि रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात मत्स्यपालनाचं रीतसर शिक्षण मिळतं. सागरी माशांची पैदास लहान असो वा मोठी, तिचं स्वयंपाकघर म्हणजे हिरव्या पाण्याच्या बाटल्यांची खोली.

घरी वाढलेलं प्रत्येक पिल्लू म्हणजे प्रवाळातून न काढलेला एक मासा. शिवाय मुलांना पुस्तकातली अन्नसाखळी ओट्यावर पाहायला मिळते, तीही रोज.

शेवटी एक विनंती. आपलं दही बिघडलं तर आपण शेजारच्या काकूंकडून वाटीभर विरजण आणतो. शैवालाचंही तसंच करू या. ज्यांचं पाणी गर्द हिरवं झालं आहे त्यांनी निदान दोन घरांना बाटलीभर द्यावं. मग कुणा एकाचं बिघडलं तरी कुणाच्याच टाकीतली पिल्लं उपाशी राहणार नाहीत.