गुलमर्गचा गोंडोला, बर्फाचा उतार आणि तुमचा मोबाईल: जाण्याआधी काय माहीत हवं?

हिवाळा आला की इन्स्टाग्रामवर गुलमर्गच्या रील्सचा पाऊस पडतो. आपल्या परभणीची पोरंही आता सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठून पुढे काश्मीरला जातात. रीलमध्ये सगळं सोपं दिसतं: केबिनमध्ये बसा, वर जा, घसरत खाली या. पण लिफ्टची जबाबदारी वरच्या स्टेशनपर्यंतच असते. खाली सुखरूप येणं हे वेगळं तंत्र आहे. या लेखात दोन्ही समजून घेऊ.

आधी उंची बघा

परभणी समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. गुलमर्ग गावच २,६५० मीटरच्या आसपास आहे, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत नेतो. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा चक्कर आली, तर फोटो राहू द्या आणि खाली या.

गोंडोला कसा चालतो?

सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेली फ्युनिक्युलर ट्रॉली रुळांवरून चालते. गोंडोला मात्र हवेत, पोलादी दोरावर लटकतो. गुलमर्गचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला.

दोर न थांबता फिरत असतो. मग आपण केबिनमध्ये चढतो कसं? प्रत्येक केबिनच्या वर स्प्रिंगवर चालणारी एक पकड असते. स्टेशनात आल्यावर ती उघडते, केबिन दोरापासून सुटते आणि रुळावर हळूहळू सरकते. आपण चढलो की फिरणारे टायर तिला पुन्हा दोराच्या वेगावर आणतात आणि पकड दोर घट्ट धरते.

वीज गेली तर केबिन स्टेशनात आणण्यासाठी डिझेल इंजिनासारखी पर्यायी सोय ठेवलेली असते. पण वाऱ्यापुढे उपाय एकच, तो म्हणजे लिफ्ट थांबवणं. २५ जून २०१७ रोजी गुलमर्गला जोराच्या वाऱ्यात झाड उन्मळून दोरावर पडलं, केबिन कोसळली आणि ७ जणांचा जीव गेला. त्यामुळे "वाऱ्यामुळे बंद" असा बोर्ड दिसला तर ऑपरेटरशी वाद घालू नका. केबिन मध्येच थांबली तर दार उघडायचा किंवा केबिन हलवायचा प्रयत्न करू नका.

उतार कसा ओळखायचा?

युरोपात उतारांना रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. काही देशांत निळ्याच्याही आधी, अगदी नवशिक्यांसाठी, हिरवा असतो. इथे एक गल्लत होते: उताराची टक्केवारी आणि अंश एक नाहीत. १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश.

हिमस्खलन, म्हणजे बर्फाचा थर सुटून खाली येणं, बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, म्हणजे हा उतार काही कड्यासारखा भीतिदायक दिसत नाही. ताजा भरपूर बर्फ, जोराचा वारा आणि अचानक वाढलेलं ऊन ही धोक्याची चिन्हं आहेत. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले १-२ दिवस सर्वात जोखमीचे.

हा धोका फक्त पुस्तकातला नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच आणखी एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. म्हणून नवशिक्यांनी खालच्या सौम्य उतारांवर प्रशिक्षकासोबतच शिकावं. दोरी किंवा झेंडे लावून आखलेली हद्द ओलांडू नये. समोर ताजे ट्रॅक दिसले म्हणजे जागा सुरक्षित आहे असं समजू नका.

मोबाईल कुठे उपयोगी, कुठे नाही?

- सिम: जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम रोमिंगवर चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघण्याआधी कंपनीकडून खात्री करून घ्या.
- जीपीएस: नेटवर्क नसलं तरी चालतं, पण नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा.
- उतार मोजणं: लेव्हल किंवा क्लिनोमीटर अ‍ॅपने कोन कळतो. बर्फाचा थर पक्का आहे की नाही, हे कोणतंच अ‍ॅप सांगत नाही.
- बॅटरी: शून्याखाली लिथियम बॅटरी लवकर मान टाकते. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.
- इमर्जन्सी: ११२ लक्षात ठेवा, पण रेंज मिळेलच असं नाही.

सर्वात महत्त्वाची गोष्ट

हद्दीबाहेर जाणारे अनुभवी स्कीअर अंगावर ट्रान्सीव्हर बांधतात. हे छोटं यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतं, आणि बर्फाखाली गाडलेल्या माणसाला सोबती त्यावरूनच शोधतात. वेळ फार कमी असतो. पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. बाहेरून मदत यायला बहुधा यापेक्षा जास्त वेळ लागतो.

फोन या यंत्राची जागा घेऊ शकत नाही. उलट त्याच्या विद्युतचुंबकीय लहरींमुळे यंत्राचं काम बिघडतं. म्हणून फोन ट्रान्सीव्हरपासून नेहमी किमान २० सेंटीमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटीमीटर दूर ठेवतात. बंदच केला तर उत्तम. अ‍ॅक्शन कॅमेरा आणि हेडफोनलाही हाच नियम लागू.

उतारावरचे साधे नियम

1. पुढे असलेल्याला आधी वाट. मागून येणाऱ्याने टक्कर टाळायची.
2. थांबायचं तर कडेला. अरुंद जागी किंवा वळणाआड नाही.
3. स्की भाड्याने घेताना खरं वजन, उंची आणि अनुभव सांगा. पडल्यावर बूट स्कीतून कधी सुटायचा, ते बाइंडिंग त्यावरून सेट होतं. चुकीचं सेटिंग म्हणजे मोडलेला पाय.
4. हेल्मेट आणि गॉगल घालाच. बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजतं.
5. रील काढायची तर कडेला थांबून. घसरताना हातात फोन नको.