सावली कुठे पडली आहे?

मंडळी, लोणी देवकरला सिनेमा-टीव्हीच्या भाषेवर बोलायला आम्ही उभे राहिलो, तेव्हा पहिला प्रश्न आला, "सर, सिनेमा समजायला शिकायचं कशाला? तो न शिकलेल्यालाही कळतो की!" प्रश्न रास्त आहे. कळतो, पण कसा कळतो?

वाटाण्यापासून सुरुवात करू. १९१२ साली लंडनहून परतल्यावर दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि वेल वाढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर रोप डोळ्यांदेखत वाढलं. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळवायला त्यांनी हीच फिल्म दाखवली. पेरणी ते वेल हे शेतकऱ्याने जन्मभर पाहिलेलं. पण मधला वेळ गाळून कधी पाहिलं नव्हतं. काय दाखवलं याच्याइतकंच काय गाळलं, हा या भाषेचा पहिला धडा.

दुसरा धडा जोडण्याचा. काही वर्षांनी रशियात लेव्ह कुलेशोव यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदा सूपची बशी जोडली, एकदा शवपेटी, एकदा खेळणारी मुलगी. चेहरा तोच, पण लोकांनी त्यात भूक, दुःख, माया वाचली, असं त्यांचे शिष्य पुदोव्हकिन सांगतात. आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले, आम्हाला इथे भर्तृहरी आठवतो. खरा अर्थ अखंड वाक्याचा, सुट्या पदांचा नव्हे, असं त्याचं म्हणणं. तुलना फार ताणू नये, पण डोक्यात ठेवावी.

हे शिकवायची सोय आपल्याच जिल्ह्यात झाली. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं आणि १९७४ मध्ये दिल्लीतला टेलिव्हिजन विभागही इकडे हलला. तिथे सतीश बहादूर रसास्वाद शिकवत. हे मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक, बरं का! 'पथेर पांचाली' ते शॉट-शॉट सुटा करून दाखवत. संग्रहालयात पी. के. नायर होते. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यातही सुब्बण्णांच्या नीनासमने हा रसास्वाद नेला. आपल्या तालुक्यांत तो तसा रुजायला हवा होता, असं आम्हाला वाटत राहतं.

का, ते सांगतो. आमच्या ओळखीचे एक डाळिंबवाले आहेत. गारपिटीनंतर एका वाहिनीने त्यांची मुलाखत घेतली. बातमीत नुकसानीचा प्रश्न आला आणि लगेच तात्या हसताना दिसले. गाव विचारू लागलं, "बाग गेली म्हणता, मग हसता कशाला?" भरपाईसाठी सोबत अर्ज केलेले शेजारीही बोलेनात. तात्या हसले होते हे खरंच, पण नातवाकडे बघून, मुलाखत संपल्यावर.

आम्ही मोबाइलवर ती बातमी त्यांच्यासोबत पुन्हा पाहिली, या वेळी आवाज बंद करून, थांबवत थांबवत. तिसऱ्यांदा बघताना तात्यांनीच बोट ठेवलं. "सर, इथं बघा. प्रश्न विचारतात तेव्हा माझी सावली पायाशी आहे. हसतो तेव्हा ती पार बांधापर्यंत गेलीय."

दुसऱ्या दिवशी तोच मोबाइल घेऊन ते पारावर गेले.